उंदराची जागा

आमच्याकडे देव मागच्या बाजूने रंगवतात. म्हणजे काचेच्या मागच्या बाजूने. कागदावर चित्र काढणारा आधी आभाळ रंगवतो, मग आसन, मग अंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यातली चमक देतो. काचेवर नेमकं उलटं. बघणाऱ्याला जे सर्वांत जवळ दिसायचं, ते आधी. डोळ्यातली चमक आधी, मग बुबुळ, मग पांढरा, मग चेहरा. हारातले मोती आधी आणि छाती त्यानंतर. एकदा अंगाचा रंग चढला की मोती राहिला म्हणून चालत नाही. मागून दिला तर तो अंगाआड जाईल, कुणाला दिसणारच नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला हे शिकवलं आणि सोबत एक नेम दिला: आंघोळ झाल्यापासून काचेवर पहिली रेघ उमटेपर्यंत बोलायचं नाही. तो मी आजवर पाळत आले आहे. बोलायची मला तशीही फार हौस नाही.

माझी पहिली रेघ नेहमी उंदराची. गणपतीच्या चित्रात तोच सर्वांत पुढे असतो, पावलांपाशी, पुढचे पाय जोडून वर तोंड करून बसलेला. त्याच्या डोळ्यातला पांढरा ठिपका दिला की माझं मौन सुटतं. "देवाआधी उंदराला भाव," असं हे अजूनही चिडवतात.

हे म्हणजे माझे यजमान. मी रंगवते आणि चौकटी हे करतात. पट्टी रंधतात, काच बसवतात, मागे फळी ठोकतात. गल्लीत त्यांना भिंगरी म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. जेवताना मधेच उठून नळ बंद आहे का ते बघून येणारा माणूस. लेक शाळेत होती तेव्हा 'माझे वडील' या विषयावर तिच्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं, माझे वडील आत्ताच इथे होते.

त्या दिवशी खांद्यावर काच घेऊन जिना चढताना हे मधेच थांबले. ते थांबले हेच मला आधी विचित्र वाटलं. काच त्यांनी हळूच भिंतीला टेकवली, तिला ओरखडा येऊ दिला नाही, आणि मग पायरीवर बसले. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

दवाखान्यातली डॉक्टरीण आमच्या लेकीच्या वयाची. तिने कागदावर हृदय काढून दाखवलं, कुठे कुठे तुंबलंय ते पेनाने गिरवलं, आणि छाती उघडून रक्ताला नवी वाट करून द्यावी लागेल असं समजावलं. महिनाअखेरच्या सोमवारची तारीख दिली. तोवर ओझं नाही, जिना नाही, धावपळ नाही. ही तारीख चुकवू नका, असं ती म्हणाली आणि तेच पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाली. ह्यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. खाली फाटकापाशी आल्यावर म्हणाले, बघू.

त्यांचं बघू मी चांगलं ओळखते. गळकं छप्पर, लेकीचं लग्न, स्वतःची दुखरी दाढ, सगळ्याला आधी बघू झालेलं आहे. पण छप्पर गळत राहिलं तरी माणूस बादली ठेवू शकतो.

घरी येऊन मी देवापुढे बसले आणि संकल्प केला. जन्मभर आम्ही लोकांच्या भिंतींसाठी देव केले, आमच्या भिंतीवर आमच्या हातचा एकही नाही. तर या महिन्यात स्वतःच्या घरासाठी गणपती करायचा आणि त्याच्या पायावर हे संकट घालायचं. ह्यांना सांगितलं तर डोळे बारीक करून हसले. म्हणाले, "तुझा गणपती पूर्ण होऊ दे. पूर्ण झाला की निमूट जातो."

"शब्द?"

"शब्द."

मला हायसं वाटलं. त्यांना दवाखान्यात नेणं माझ्या हातात नव्हतं, पण चित्र पुरं करणं होतं.

काच मी घासूनपुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, ओले केस बांधून रंगांपाशी बसले तर बाहेरची कडी वाजली. हे निघाले होते. माझं मौन असताना मी ओरडू शकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. जन्मभराच्या सगळ्या चोऱ्या त्यांनी त्याच वेळात केल्या आहेत. मी ब्रश ठेवून मागे धावले. गल्लीत टाळ्या वाजवत मी मागून चाललेय आणि हे ऐकू न आल्यासारखे झपझप जातायत, असा सगळा तमाशा. शेजारच्या इस्त्रीवाल्याला वाटलं मी कबुतरं हाकलतेय. कोपऱ्यावर काचवाल्याच्या दुकानात जाऊन हे एक भलीमोठी काच खांद्यावर घ्यायला वाकले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ठेवा ती."

नेम मोडला. हेही ओशाळले, काच ठेवून मुकाट मागे आले. घरात येऊन मी हातपाय धुतले, देवाची क्षमा मागितली आणि कामाला बसले. मोडलेल्या नेमाची भरपाई म्हणून थेट देवाच्या डोळ्यांनाच हात घातला.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. ब्रश काचेवर आणि कान जिन्याकडे. हे आत आहेत ना, खुर्चीचा आवाज येतोय ना, खोकला त्यांचाच ना. रंधा चालल्याचा आवाज आला तर काळजी आणि न आला तर जास्त काळजी. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, संध्याकाळी परतताना चक्कर टाकायची. तिने विचारलं, आई, एवढं काय बघतेस त्या गणपतीत. मी तिला एकेक सांगत गेले, खरं तर स्वतःलाच ऐकवत होते. कान सुपाएवढे, डोळे बारीक, आणि तोंड सोंडेआड. म्हणजे ऐकायचं पुष्कळ, बघायचं नेमकं, बोलायचं जपून. एका हातात अंकुश, आळसावलेल्याला टोचायला. एका हातात पाश, धावणाऱ्याला आवरायला. एक हात भिऊ नका म्हणणारा. आणि चौथ्या हातात त्याचा स्वतःचा मोडलेला दात. मोडला म्हणून टाकून नाही दिला, हातात धरलाय, कामाला लावलाय.

"बाबांना अंकुश लागतो की पाश?" लेकीने विचारलं.

आतून ह्यांचा आवाज आला की मला चहा लागतो.

शुक्रवारी दुपारी मी मागचा गडद रंग दिला. तो चढला की सगळं झाकलं जातं, मागून पाहिलं तर काच नुसती सपाट निळी दिसते. पूर्ण झाल्याशिवाय चित्र उलटून बघायचं नाही, हीही सासूबाईंचीच सवय. खाली नमुन्याचा कागद ठेवणं मी कधीच सोडलंय, हात आपोआप चालतो. रंग हाताला लागेनासा झाला तेव्हा मी ह्यांना हाक मारली. काच उलटायचा मान त्यांचा.

त्यांनी दोन्ही कडा धरून ती खिडकीपाशी नेली आणि सुलटी केली. देव सुरेख उतरला होता. सोंडेचं वळण, कानाची गुलाबी कड, बोटांवरच्या अंगठ्या. ह्यांनी वरून खाली पाहिलं, पुन्हा वरून खाली पाहिलं. आणि सटकायला वाट मिळाल्यासारखं हसले.

"उंदीर कुठाय?"

पावलांपुढचं लाल आसन रिकामं होतं. गुळगुळीत, सारखं, कुठे ठिपकासुद्धा नाही. मला ती सकाळ आठवली. ब्रश ठेवून मी उठले होते, परत येऊन डोळ्यांना बसले होते. डोकं म्हणत होतं उंदीर झाला, कारण उंदराशिवाय मी कधी पुढे गेलेच नव्हते.

"पळाला वाटतं," हे म्हणाले. मग फार समजूतदारपणे म्हणाले की वाहनाशिवाय देव काही पूर्ण म्हणता येणार नाही, लोकांना आपण असा देऊ का, मग घरच्या देवाला कमी का करायचं. नवी काच आणू, पुन्हा सावकाश कर, घाई कसली. सोमवार समोर होता आणि हा माणूस मला घाई कसली विचारत होता.

संध्याकाळी लेकीने दवाखान्यात फोन लावला. ही तारीख गेली तर पुढची लवकर मिळायची नाही, आणि मधल्या काळात काही झालं तर आम्ही जबाबदार नाही, असं तिकडून सांगितलं. लेक चिडली. बाबा, उंदराच्या नावाखाली तुम्ही लपताय, असं तोंडावर म्हणाली. हे म्हणाले शब्द म्हणजे शब्द, पूर्ण झाला की जाणार, आणि उठून चौकटीच्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावायला लागले. त्या आधीच लांबीप्रमाणे लावलेल्या होत्या.

उपाय नव्हता असं नाही. मागून ब्लेडने खरवडत जायचं. आधी निळा जातो, मग आसनाचा लाल, मग नितळ काच लागते. तेवढ्या खिडकीत उंदीर काढायचा आणि मागून पुन्हा रंग भरायचा. फुलापानांच्या चित्रात मी हे केलेलं आहे. पण देवाच्या नाही. डोळे उमटले की तो देव झाला, मग त्याच्या अंगाला पातं लावायचं नाही, असं सासूबाई सांगून गेल्या. ह्यांना हे माहीत होतं. मी ते करणार नाही, ह्याच भरवशावर ते बिनधास्त होते.

शनिवारी मी घरभर फिरत राहिले. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. जप करायला बसले तर माळ हातात आणि मी जिन्यावर. मणी पुढे सरकतायत आणि नाम कुठेच नाही. जन्मभर लोकांना सांगत आले की उंदीर म्हणजे आपलं मन. सारखं कुरतडणारं, दिसेल त्या भोकात शिरणारं, अंधारात धावणारं. एवढ्या मोठ्या देवाने बसायला तेच निवडलं, त्याला मारलं नाही, पिंजऱ्यात घातलं नाही. हे सगळं मी किती शांतपणे सांगायचे. आता ते घरात मोकळं सुटलं होतं आणि कुठल्या कपाटामागे आहे ते मला सापडत नव्हतं.

दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी सांगितलं नाही. चहाचा कप खाली ठेवताना त्यांनी तो नको तितका हळू ठेवला, त्यावरून मला कळलं. काच भिंतीला टेकवतानाही त्यांनी ती अशीच ठेवली होती.

रविवारी आंघोळ करून मी देवाला नमस्कार केला, काच पालथी टेबलावर घेतली आणि नवं ब्लेड काढलं. सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं नाही.

हे चपला घालून दारापर्यंत गेले होते. मी मौनात असल्याची त्यांची नेहमीची वेळ. जाता जाता आत डोकावले आणि माझ्या हातातलं पातं बघून थबकले.

"अगं, काय करतेस? देवाला पातं लावतेस?"

मी काही बोलू शकत नव्हते. देवाचं पाऊल कुठवर आलंय ते बोटाने चाचपलं आणि त्याच्या अलीकडे पहिला ओरखडा काढला. निळ्याची बारीक साल उडाली. दुसरा ओरखडा वाकडा गेला, पार अंगठ्याच्या जवळ.

ह्यांनी चपला काढल्या. म्हणाले गंमत केली होती, एवढं मनावर घ्यायचं का. मी पुन्हा पातं टेकवलं. म्हणाले तुझ्याने होणार नाही, बोट जाईल देवाचं. मी मान खाली घालून खरवडत राहिले. आमच्या भांडणात एरवी मी चार शब्द बोलते आणि हे त्यातला एक धरून सटकतात. आज धरायला शब्दच नव्हता.

"दे इकडे," ते म्हणाले.

समोर स्टूल ओढून बसले. पातं माझ्या हातातून घेतलं, तिरपं धरलं, आणि काचेवर श्वास टाकून हळूहळू निळा सोलायला लागले. चौकटीत काच बसवताना कडेचे रंगाचे थेंब काढायचं काम त्यांचंच, त्या कामात त्यांच्याइतका हलका हात कुणाचा नाही. निळा गेला. खाली लाल लागला. खोलीत फक्त त्या खरवडीचा आवाज. एवढा वेळ एका जागी बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ती पोरगी असंच करणार ना," वर न बघता ते म्हणाले. "डॉक्टरीण."

पातं थांबलं, पुन्हा चालू झालं.

"कापण्याची भीती नाही गं मला. हात कितीदा कापलाय काचेने. पण मला निजवून करणार. मी निपचित पडलेला आणि माझ्या आत कुणी तरी काम करतंय. कधी असा पडून राहिलोय का मी? आपला बाप खुर्चीत बसला तो बसलाच होता ना. मी चौकट दाखवायला गेलो तर मान कललेली. तेव्हापासून बसलो की वाटतं, आता हेच."

सासरे गेले ते मला माहीत होतं. खुर्चीत गेले हेही माहीत होतं. पण हे त्यापासून पळतायत, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी ह्यांच्या मागे धावत राहिले, आणि ते कशापुढे धावतायत हे विचारायचं राहूनच गेलं. बोलण्याची मुभा असती तर त्या घटकेला मी काही तरी समजुतीचं बोलले असते, आणि ते उठून नळ बघायला गेले असते.

लालाखाली काच लागली. करंगळीच्या पेराएवढी खिडकी, तिच्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं. ह्यांनी फुंकर मारली, कपड्याने कडा टिपल्या आणि काच माझ्याकडे सरकवली. देवाच्या पावलाला धक्कासुद्धा लागला नव्हता.

मी सर्वांत बारीक ब्रश घेतला आणि पांढरा ठिपका दिला.

मौन सुटलं. हे माझ्याकडे बघत होते, आता ही काय म्हणते म्हणून. मी बुबुळ दिलं, मिशा दिल्या, जोडलेले पाय दिले, मग करडा अंगाचा रंग. तो भरून झाल्यावर काच उचलून त्यांच्यासमोर सुलटी धरली.

"ह्याला बांधलेलं नाही बघा," मी म्हणाले. "वर हातात पाश आहे, पण ह्याच्या गळ्यात नाही. पळायचं म्हटलं तर आत्ता पळेल. बसलाय."

ते काचेजवळ वाकले.

"वर बघतोय का?"

"हो."

"भीत नाही?"

"भीत असेल. म्हणून तर वर बघतोय."

ते उठले. वाटलं चालले बाहेर. पण त्यांनी चौकट आणली, काचेला लावून माप पाहिलं आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली. मग मला दटावल्यासारखं म्हणाले की करडा पुरता सुकल्याशिवाय मागचा लाल देऊ नकोस, नाहीतर मिशा फिसकटतील. उद्यापर्यंत तर सुकायचा नाही. आणि मागची फळी मी आल्यावर ठोकीन. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"बॅगेत काय भरायचं?" मी विचारलं.

"विचार त्या चष्मेवालीला. तिने भरूनसुद्धा ठेवली असेल."

तिने खरंच भरून ठेवली होती, शुक्रवारीच.

सोमवारी सकाळी काच खिडकीत उभी ठेवून आम्ही निघालो. उंदराच्या मागचा लाल भरलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या कडेकडेने बाहेरचं ऊन आत येत होतं. बाकी सगळा देव रंगाने भरलेला आणि तेवढीच जागा उजळलेली. दाराला कुलूप लावताना मी पुन्हा आत जाऊन काच नीट टेकलीय ना ते पाहून आले. जिन्यावरून परत एकदा जाऊन आले. हे खाली लेकीचा हात धरून उभे होते, न हलता.

दवाखान्यात त्यांना हिरवा झगा घालून चाकांच्या पलंगावर घेतलं. मी चादर सारखी केली. नर्सला विचारलं, आत गारठा असतो का. मोजे घातलेत का ते उघडून पाहिलं. पुन्हा चादर सारखी केली. उशी सरळ करायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या अंगठ्यावर करडा रंग राहिला होता, तो त्यांनी आपल्या बोटाने पुसायचा प्रयत्न केला. निघाला नाही.

"अगं," ते म्हणाले, "आता तू एका जागी बस बघू."

पलंग हलला. वळणावर त्यांनी डोकं जरासं उचललं, मी बसले का ते बघायला. मी घाईने बाकावर टेकले. दार झुलत झुलत बंद झालं. मी लगेच उठले. लेकीने माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं.

मग मी बसले. दोन्ही हात मांडीवर जोडून घेतले आणि त्या दाराच्या वर जो दिवा लागला होता, त्याच्याकडे बघत राहिले.